जुन्या पोर्शे ९४४ च्या पेट्रोल नळ्या: गळणारी एक बदलावी की सगळ्या?

जुळे सोलापुरातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. काकांची १९८६ सालची पोर्शे ९४४, उजव्या हाताचं स्टिअरिंग, अडीच लिटरचं इंजिन. काही वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली ही गाडी त्यांनी आता चालू केली आहे. सकाळी बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास येतो. इंजिनच्या मागच्या बाजूला एक रबरी नळी हाताला ओलसर लागते, पण इंजिन तापलं की ओल दिसेनाशी होते. ओळखीचे मेस्त्री म्हणाले, "तेवढा तुकडा कापून नवी नळी टाकू, दोन क्लिपा मारू, झालं." तेवढं पुरेल का, नळी कुठली घ्यायची आणि हे काम घरी करता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

सगळ्यात आधी एक विनंती. हे वाचून होईपर्यंत थांबू नका, आधी जाऊन बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. वास गेलेला नसेल तर आधी शेडचं दार उघडून हवा खेळू द्या, मग बॉनेटला हात लावा. दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी चालू करायची नाही, "फक्त सात रस्त्यापर्यंत जाऊन येतो" म्हणूनसुद्धा नाही. मी जुन्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं काम अनेक वर्षं करतोय. गाडीच्या बाकी कुठल्याही आजारात "बघू पुढच्या महिन्यात" म्हणता येतं. पेट्रोलच्या वासात तसं म्हणता येत नाही.

आता तुकडा कापून क्लिप मारण्याबद्दल. तुमच्या मेस्त्रींनी सांगितलेला उपाय अँबॅसिडर, फियाट किंवा स्टँडर्ड हेराल्ड या गाड्यांसाठी चुकीचा नव्हता. त्या कार्ब्युरेटरच्या गाड्या. यांत्रिक पंप पेट्रोल वर ढकलतो तेव्हा नळीत जेमतेम तीन-चार पीएसआय दाब असतो. नळी थोडी पाझरली तरी थेंब पडतो, वास येतो आणि माणूस सावध होतो. तुमच्या ९४४ मध्ये विजेवर चालणारा पंप मागे टाकीजवळ आहे आणि तो इंजेक्टरच्या रेलपर्यंत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपपर्यंत, पेट्रोल अडीच बारच्या आसपास, म्हणजे साधारण ३६ पीएसआय दाबाने पाठवतो. या दाबाखाली नळीला चीर पडली तर थेंब पडत नाहीत, पेट्रोलचा बारीक फवारा उडतो. फवाऱ्याची वाफ झटकन होते आणि इंजिनच्या खोलीत ठिणगी द्यायला अल्टरनेटर आहे, डिस्ट्रिब्युटर आहे, स्पार्क प्लगच्या जुन्या वायरी आहेत. लोकांना भीती वाटते ती तापलेल्या सायलेन्सरची. ती वाटायलाच हवी, पण ठिणगी त्याच्या आधी पोहोचते.

आणखी एक अडचण आहे. ९४४ मध्ये इंजिनजवळच्या दोन लवचिक नळ्या, एक रेलकडे पेट्रोल नेणारी आणि एक उरलेलं पेट्रोल टाकीकडे परत आणणारी, कारखान्यात क्रिंप केलेल्या असतात. रबराच्या टोकावर धातूची टोपी यंत्राने दाबून बसवलेली. या क्रिंपच्या तोंडाशीच त्या पाझरू लागतात, हे या मॉडेलचं जगभर माहीत असलेलं दुखणं आहे. तुम्ही सांगितलेली खूणही त्याचीच आहे. म्हातारं रबर कडक होतं, थंडीत आकसतं आणि क्रिंपमध्ये सैल पडतं. डिसेंबरच्या सकाळी पंप चालू झाला की तिथून पेट्रोल झिरपतं. इंजिन तापलं की रबर फुगतं, तोंड तात्पुरतं बंद होतं आणि झिरपलेलं पेट्रोल उडून जातं. म्हणून तुम्हाला वाटलं की ओल गेली. टोपी कापून त्या जागी साधी नळी आणि क्लिप लावायची म्हटली, तर क्रिंपसाठी घडवलेल्या धातूच्या टोकाला क्लिपच्या नळीला धरून ठेवणारा उंचवटा असेलच याची खात्री नाही. उंचवटा नसलेल्या टोकावर इंजेक्शनच्या दाबाची नळी क्लिपने बांधणं मी कुणालाही करू देणार नाही.

मग बाकीच्या नळ्यांचं काय? सगळ्या बदला. गळणारी सापडली म्हणून तेवढीच बदलायची हा विचार मला पटत नाही, कारण गाडीतल्या सगळ्या नळ्या एकाच वयाच्या असतात, त्यांनी एकच पेट्रोल प्यायलेलं असतं आणि एकच उन्हाळा सोसलेला असतो. एक गेली याचा अर्थ बाकीच्यांची वेळ जवळ आली आहे. शिवाय एक नवी टाकून बाकीच्या जुन्या तशाच ठेवल्या, तर काम करताना जुन्या नळ्या हलतात, वाकतात आणि आतून तडे गेलेली एखादी त्याच वेळी फुटते. ती फुटलेली कळते ती पुणे नाक्यावर ट्रॅफिकमध्ये.

वय किती झालं हे बाहेरून ओळखणं कठीण असतं. त्या काळातल्या जर्मन गाड्यांत बऱ्याच ठिकाणी सुती वेणीचं आवरण असलेली नळी वापरायचे. आतलं रबर फाटलं तरी वरची वेणी शाबूत दिसते. तरीही तपासायची असेल तर इंजिन थंड आणि बॅटरी सुटलेली असताना नळी दोन बोटांनी दाबा आणि हलकेच वाकवा. निरोगी नळी दबते आणि सोडली की लगेच गोल होते. कडक भाकरीसारखी करकरली तर ती संपली. उलट, स्पंजासारखी मऊ लागली आणि दाबलेली जागा तशीच राहिली, तर आतलं रबर फुगलं आहे आणि तीही संपली. नखाखाली ओल किंवा काळं रबर आलं, क्लिपच्या कडेला चीर दिसली, नळी कुठे ब्रॅकेटला घासून चपटी झाली असेल, तर पुढचं तपासायची गरजच नाही.

आपल्याकडे हे जास्त वेगाने होतं आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं ऊन. मे महिन्यात सोलापूर ४३-४४ डिग्रीपर्यंत जातं आणि त्या उन्हात विजापूर रोडवरून येऊन गाडी बंद केली की बॉनेटखालची उष्णता आणखी वाढते, कारण पंखा आणि वाऱ्याचा झोत थांबलेला असतो. रबराला सगळ्यात जास्त त्रास गाडी बंद केल्यावरच्या त्या अर्ध्या तासात होतो. दुसरं कारण पेट्रोल. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. उसापासून बनलेलं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये असतं. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० चं होतं, ते पुढे २०२५-२६ वर आणलं. २०२२ मध्ये देशभर दहा टक्के मिश्रण झालं आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १९८६ ची गाडी बनवताना हे पेट्रोल कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

इथेनॉल जुन्या नायट्राइल रबरात शिरतं, ते फुगवतं आणि रबर मऊ ठेवणारे घटक बाहेर काढतं. गाडी रोज चालत असेल तर नळी फुगलेली राहते आणि काही काळ धकून जातं. तुमच्या गाडीसारखी शेडमध्ये पडून असेल तर पेट्रोल उडून जातं, मऊपणा देणारे घटक आधीच गेलेले असतात, मग रबर आकसतं आणि आतून तडकतं. वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी पुन्हा चालू केल्यावर काही आठवड्यांतच नळ्या फुटतात, त्याचं कारण हेच. त्याशिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. म्हणून टाकीतलं जुनं पेट्रोल नळ्या बदलण्याच्या निमित्ताने काढून टाकाच. त्यातलं थोडं काचेच्या बरणीत घेऊन पाहा, तळाशी वेगळा थर किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकीही धुवावी लागेल.

आता नळी कुठली. रस्त्याकडेच्या दुकानात "पेट्रोल पाइप" मागितला की काळी जाडसर रबरी नळी मीटरवर कापून देतात. तिच्यावर काय छापलं आहे ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. अमेरिकेच्या एसएई या संस्थेच्या जे-३० मानकात पेट्रोल नळ्यांचे वर्ग आहेत. आर-७ ही कार्ब्युरेटरच्या गाड्यांची आणि परतीच्या कमी दाबाच्या लाइनची नळी, तिचा कामाचा दाब ५० पीएसआय. आर-९ ही इंजेक्शनची नळी, आतून फ्लोरोइलास्टोमरचा थर, म्हणजे आपण ज्याला वायटन म्हणतो त्या जातीचं रबर, आणि कामाचा दाब १०० पीएसआय. इथे दुकानदार हमखास सांगतो की तुमचा दाब ३६, ही ५० ची आहे, भागतंय की! भागत नाही. दाब धरणं हा एक भाग झाला. आतलं रबर इथेनॉल सोसतं का आणि भिंतीतून पेट्रोलची वाफ किती बाहेर येते, हा दुसरा. मानकाप्रमाणे आर-७ मधून चौरस मीटरमागे दिवसाला ५५० ग्रॅमपर्यंत झिरपलेलं चालतं, आर-९ मधून फक्त १५. बंद शेडमध्ये येणाऱ्या वासात हा फरक असतो. तुमच्या गाडीत पुढे, मागे, परतीला, सगळीकडे आर-९ किंवा तिच्या तोडीची नळीच घाला. परतीच्या लाइनला कमी दाब असतो म्हणून तिथे आर-७ घालून शंभर-दोनशे रुपये वाचवण्यात काही राम नाही. तीही तापलेल्या इंजिनजवळूनच जाते.

जर्मन बनावटीची नळी घ्यायची तर तिच्यावर डीआयएन ७३३७९ हा क्रमांक असतो. पण त्यातही जुन्या पद्धतीची नायट्राइलची वेगळी आणि आतून फ्लोरो रबर असलेली वेगळी, दोन्ही वेणीच्या आवरणात सारख्याच दिसतात. मूळ रूप टिकवण्याच्या हौसेने नायट्राइलची घेऊ नका. आणखी एक गोष्ट बघा: नळीवर निर्मितीचा काळ छापलेला असतो. दुकानात उन्हात टांगून पडलेली नळी विकत घेणं म्हणजे नवीन पैशांत जुनं रबर घेणं. खात्री नसेल तर ओळखीच्या मोठ्या दुकानातून गेट्स किंवा कॉन्टिनेंटलसारख्या कंपनीची, बिलासकट घ्या. नक्कल माल बाजारात भरपूर आहे.

मापाच्या बाबतीत जर्मन गाड्यांत बऱ्याच ठिकाणी आतला व्यास साडेसात मिलिमीटर असतो. आपल्याकडे इंचांत मिळते. पाच सोळांश इंच म्हणजे ७.९ मिलिमीटर. धातूच्या टोकाला व्हर्निअर लावून माप घ्या आणि त्याप्रमाणे नळी निवडा. नळी हाताने जोर लावून बसली पाहिजे. सहज सरकत असेल तर मोठी आहे आणि क्लिप कितीही आवळली तरी ती सुरकुती पडून गळेल. टाकीपासून पंपापर्यंतची नळी बरीच जाड असते. तिला दाब नसतो, पण ती चिरली तर टाकीतलं पेट्रोल स्वतःच्या वजनाने जमिनीवर येईल, शिवाय पंप हवा ओढेल आणि आवाज करू लागेल. तीही त्याच प्रतीची हवी.

इंजिनजवळच्या त्या दोन क्रिंपच्या नळ्यांसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे. ९४४ चे सुटे भाग विकणाऱ्या परदेशी विशेष दुकानांतून तयार जोडी मागवा. कस्टम धरून महाग पडेल, तरी मागवा. ते जमतच नसेल तर दुसरा मार्ग आपल्या एमआयडीसीत आहे. जेसीबी आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक होज बनवणारी दुकानं तुमची जुनी धातूची टोकं साफ करून नव्या नळीवर क्रिंप करून देऊ शकतात. मात्र तिथे एक गोष्ट ठासून सांगा: नळी पेट्रोल इंजेक्शनची, तुम्ही आणून दिलेलीच वापरायची. त्यांच्याकडची हायड्रॉलिक नळी शेकडो बारचा दाब सोसते, पण तिचं आतलं रबर तेलासाठी बनवलेलं असतं, ई-२० पेट्रोलसाठी नाही. "अहो, ही तर जेसीबीला चालते" या बोलण्याला भुलू नका. क्रिंप केल्यावर गाडीच्या दाबाच्या दुप्पट दाबाने पाण्याने किंवा तेलाने चाचणी करून घ्या. हवेने करू देऊ नका, कारण फुटली तर हवेच्या दाबाचा धक्का मोठा बसतो. चाचणीनंतर नळी पूर्ण कोरडी करून आणा.

स्टीलची चमकदार वेणी असलेली टेफ्लॉनची नळी हा तिसरा पर्याय आहे. ती देखणी दिसते आणि टिकतेही. पण आतला टेफ्लॉन कार्बन मिसळलेला, विजेचा भार वाहून नेणारा हवा. साध्या पांढऱ्या टेफ्लॉनमधून पेट्रोल वेगाने वाहताना स्थिर वीज साठते आणि ती भिंतीला बारीक भोक पाडून बाहेर येऊ शकते. शिवाय स्टीलची वेणी शेजारच्या वायरीचं आवरण कापते. मी ती मूळ रूपाच्या गाडीत सहसा वापरत नाही.

क्लिप. यावर लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. बाजारात मिळणाऱ्या साध्या जुबली क्लिपच्या पट्टीला आरपार खाचा असतात. आवळताना रबर त्या खाचांत घुसतं आणि कापलं जातं. इंजेक्शनच्या नळीसाठी अरुंद, गुळगुळीत, कडा बाहेर वळवलेली आणि एका स्क्रूने आवळली जाणारी क्लिप मिळते, तीच घ्या, स्टेनलेस स्टीलची. नळी टोकावर निदान २५ मिलिमीटर आत गेली पाहिजे. क्लिप उंचवट्याच्या पलीकडे आणि नळीच्या कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत बसली पाहिजे. मनगटाच्या जोराने आवळा, पान्याने नाही. रबर पट्टीच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आलं तर जास्त आवळली आहे.

घरी करता येईल का? हात चालत असतील आणि घाई नसेल, तर मागच्या नळ्या करता येतील. पुढच्या क्रिंपच्या नळ्यांसाठी अनुभवी माणूस सोबत घ्या, कारण रेलवरचे नट अनेक वर्षं हललेले नसतात. जागा निवडताना पिट वापरू नका. आपल्याकडच्या गॅरेजात खड्डा हाताशी असतो, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते आणि ती खड्ड्यात जाऊन साठते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली की तिला ठिणगी पुरते. गाडी मोकळ्यावर, सावलीत, सपाट जागी, चार मजबूत घोड्यांवर (जॅक स्टँडवर) उभी करा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. काम सकाळी करा, दुपारच्या उन्हात पेट्रोल नुसतं उघडं ठेवलं तरी उडत राहतं. हातबत्ती एलईडीची घ्या. बल्बचा दिवा पडून फुटला की त्याची तार पेटायला पुरेशी असते. शेजारी वेल्डिंग, विडी, देव्हाऱ्यातला दिवा नको. उन्हाळ्यात आपण सवयीने कूलर जवळ ओढतो, त्याची मोटार आणि स्विच दोन्ही ठिणगी टाकतात, म्हणून तो लांब ठेवा. हाताशी पावडरचा अग्निशामक, निदान चार किलोचा, पिन काढायला सोपा. पाणी उपयोगाचं नाही, पेट्रोल त्यावर तरंगत पसरतं.

दाब आधी उतरवा. ही एकच पायरी अशी आहे जिच्यासाठी बॅटरी परत जोडून इंजिन चालवावं लागतं. म्हणून ओल किती आहे ते बघा. नळी नुसती ओलसर असेल तरच हे करा, थेंब पडत असतील तर अजिबात नाही. ९४४ मध्ये डीएमई रिले पंपाला आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला, दोघांना वीज देतो. तो काढला तर इंजेक्टरही लगेच बंद होतात आणि दाब तसाच राहतो, म्हणून फक्त पंपाचा फ्यूज काढायचा. गाडी मोकळ्यावर ढकलून आणा, इंजिन चालू करून पंपाचा फ्यूज काढा. इंजिन स्वतःहून बंद पडेल, मग दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा आणि बॅटरीची निगेटिव्ह पुन्हा काढा. थेंब पडत असतील तर ही पायरी सोडून द्या. फिल्टरच्या जोडावर जाड कापड गुंडाळून नट अगदी हळू सैल करा आणि दाब कापडात उतरू द्या. काहीही केलं तरी लाइनमध्ये थोडा दाब राहतो, म्हणून प्रत्येक जोड कापडाखाली आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच सोडा. पेट्रोल धातूच्या डब्यात, डबा जमिनीवर ठेवून काढा, पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत नाही. जोड सोडताना दोन पाने वापरा, एकाने नट फिरवायचा आणि दुसऱ्याने समोरचा भाग धरायचा. नाहीतर नट न फिरता लोखंडी पाइपच पिळला जातो, आणि तो पाइप गाडीच्या लांबीइतका आहे. फ्लेअर नटासाठी, म्हणजे पाइपचं पसरवलेलं टोक दाबून धरणाऱ्या नटासाठी, त्याचाच पाना घ्या. साध्या फिक्स पान्याने कोपरे गोल होतात.

मागून पुढे या. टाकी ते पंप, पंप ते फिल्टर, फिल्टर ते लोखंडी पाइप, मग पुढच्या दोन. फिल्टर नवा घालाच. बँजो जोडाचे, म्हणजे पोकळ बोल्टने धरलेल्या गोल जोडाचे, तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे. टेफ्लॉन टेप आणि सीलंट कुठेही लावू नका. फ्लेअरचा जोड धातूवर धातू बसूनच बंद होतो आणि टेपचा तुकडा इंजेक्टरमध्ये जाऊन अडकतो. नळी धारदार पात्याने काटकोनात कापा. हॅक्सॉने कापली तर रबराची भुकटी आत जाते. बसवताना टोकाला इंजिन ऑइलचं एक बोट फिरवलं तरी पुरे. रेलचं काम काढलंच आहे तर इंजेक्टरच्या वरच्या-खालच्या ओ-रिंगाही बदला, फ्लोरो रबराच्या. टाकीच्या तोंडाची मोठी नळी आणि वाफेच्या बारीक नळ्या लोक विसरतात. पेट्रोल भरल्यावर मागच्या सीटवर वास येतो तो त्यांच्यातूनच. त्यासाठी अ‍ॅक्वेरियमची पारदर्शक नळी घालू नका, ती काही महिन्यांत पिवळी पडून काचेसारखी तडकते.

जुन्या नळीचा मार्ग काढण्याआधी फोटो काढून ठेवा आणि नवी त्याच मार्गाने न्या. सगळे ब्रॅकेट आणि रबरी बुशिंग परत बसले पाहिजेत. नळीला इंजिनच्या हालचालीपुरती ढील हवी, पण ती अल्टरनेटरच्या पट्ट्यापर्यंत पोहोचायला नको.

सगळं जोडून झालं की इंजिन चालू न करता पंप चालवा. वायरिंगची आकृती पाहून डीएमई रिलेच्या सॉकेटवर फ्यूज असलेली वायर जोडली की पंप फिरतो. दहा मिनिटं तसाच ठेवा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर लगेच दिसते. मग इंजिन चालू करा, पूर्ण तापू द्या, बंद करा, अर्ध्या तासाने पुन्हा कागद फिरवा. रात्रभर थंड होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चालू करण्याआधी आणि चालू केल्याबरोबर, पुन्हा बघा. तुमची मूळ गळती थंडीतली होती, म्हणून ही सकाळची तपासणी सगळ्यात महत्त्वाची. अग्निशामक या पूर्ण वेळ हातात असू द्या.

नवं रबर पहिल्या काही दिवसांत थोडं दबतं. शंभर किलोमीटर झाले की सगळ्या क्लिपा एकदा हाताने तपासा, सैल असेल तर किंचित आवळा. पुढे आमच्या हवेत या नळ्या सात-आठ वर्षांनी बदलाव्यात असं माझं मत आहे, गाडी चालली असो वा नसो. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी जवळजवळ भरलेली ठेवा आणि महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा.

आणि फिल्टर आणखी एक आणून ठेवा. टाकीत आणि पाइपमध्ये जमलेला जुना चिकट थर इथेनॉलच्या पेट्रोलने सुटतो आणि पहिल्याच पाचशे किलोमीटरमध्ये नव्या फिल्टरमध्ये येऊन बसतो. चढावर गाडी ओढेनाशी झाली, तुळजापूरच्या घाटात धक्के देऊ लागली, तर इंजेक्टरला हात लावण्याआधी तो फिल्टर बदलून बघा.